बदकांचं काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की आम्ही दोघंतिघं पोरांना घेऊन बसतो. कुणी गणित घेतं, कुणी इंग्रजी. माझ्याकडं गोष्टी. त्या दिवशी रद्दीवाल्याकडून आणलेलं एक चित्रांचं पुस्तक घेऊन बसलो होतो. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, निळंशार तळं, त्यात पिवळी पिल्लं आणि एक करडं. बदकाच्या कुरूप पिल्लाची गोष्ट. पिल्लाला कोंबड्या टोचतात, भावंडं ढकलतात, दाणे टाकणारी पोरगी लाथ घालते. तिथं पोरं गप्प झाली. हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मग हिवाळा सरतो, पिल्लू पाण्यात वाकून बघतं तर काय, राजहंस! पोरांनी टाळ्या पिटल्या. मी पुस्तक मिटलं. मनात म्हटलं, सकाळ सत्कारणी लागली.

दाराशी एक काका उभे होते. पालिकेच्या सफाईखात्यातले. रात्रपाळी करून नातीला न्यायला आलेले. म्हणाले, "म्हंजे सर, ते मुळात हंसाचंच व्हतं व्हय?"

"हो ना काका. अंडं चुकून बदकांत आलेलं."

"मंग बदकांचं काय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. नातीचा हात धरला आणि गेले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला असावा. माझ्या मागं मात्र तो आजपर्यंत लागलाय.

ही गोष्ट कुणाची? हान्स क्रिश्चन अँडरसनची. १८४३ सालची. मराठी घराघरात ती ग. दि. माडगूळकरांच्या गाण्यानं पोचली, आपण सगळ्यांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिच्यावर नाच पाहिलाय. हा अँडरसन १८०५ साली डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावात जन्मला. बाप जोडे शिवणारा, आई लोकांची धुणी धुणारी. हे वाचलं की आपल्यातला एखादा लगेच उडी मारील, अरे हा तर आपलाच! थांबा. तिथला जोडे शिवणारा गरीब होता, उपाशी होता, पण त्याच्या सावलीचा कुणाला विटाळ होत नव्हता. त्याला उगाच आपल्या रांगेत उभा करायला नको. पण अपमान त्यानं खाल्लेला होता हे खरं. त्याची आजी ज्या इस्पितळाच्या बागेत काम करायची तिथं गरीब म्हाताऱ्या सूत कातत बसायच्या. पोरगा त्यांच्यात जाऊन बसे आणि त्यांच्या तोंडून जुन्या कथा ऐके. १८३५ साली त्यानं परीकथांचं पहिलं चोपडं काढलं, त्यातल्या चारपैकी तीन कथा लहानपणी अशा ऐकलेल्याच होत्या. पुढं तो स्वतःच्या कथा रचू लागला. नवी कथा, पण हाडं जुनी. जगभरात चित्रांच्या पुस्तकांतून आज पोरांना ज्या परीकथा मिळतात त्यातल्या पुष्कळशा याच जातीच्या. कुणा एका लेखकानं रचलेल्या, पण राजा, राजकन्या, राक्षस, परीक्षा, कसोटी हे सगळं लोककथेतून उसनं घेतलेलं.

कुरूप पिल्लाच्या कथेतलं हाड कुठलं? नीचांच्या घरी वाढलेला, पण मुळात थोर कुळातला मुलगा शेवटी ओळखला जातो. हे हाड आपल्याला काय परकं आहे? कर्ण घ्या. सूतपुत्र म्हणून भर सभेत त्याचा अपमान होतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. पण हे पाणी स्वस्त आहे. कारण वाचणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं की हा कुंतीचा आहे, सूर्याचा आहे. खऱ्या सूताच्या खऱ्या पोरासाठी कुणी कादंबरी लिहीत नाही. कुणी म्हणेल, एकलव्य आहे की. एकलव्य निषादाचाच होता, म्हणून त्याचा अंगठा गेला. पण गंमत बघा. त्यालाही तसं राहू दिलेलं नाही. हरिवंशात एकलव्य यादवांच्या घरात जन्मलेला निघतो, देवश्रव्याचा मुलगा, निषादांनी फक्त वाढवलेला! म्हणजे जंगलातल्या पोरानं अर्जुनापेक्षा चांगला बाण मारला हे पचेना, तेव्हा त्याच्याखाली गुपचूप हंसाचं अंडं सरकवलं.

आणि हे अंडं आपल्या लोकांनाही भुलवून गेलंय, हे कबूल करायला हवं. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळ्यांसारखा खंदा माणूस मासिक काढतो, १९०८ साली, आणि त्याचं नाव ठेवतो 'सोमवंशीय मित्र'. सोमवंश, चंद्राचा वंश. त्यांची थट्टा करायची नाही. त्यांनी जे केलं ते करायला त्या काळी छाती लागत होती. पण नाव काय सांगतं? आम्हीही हंसच हो, चुकून तुमच्या खुराड्यात पडलो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे केलं ते या गोष्टीच्या पार उलटं होतं. त्यांनी लाखो लोकांना पाण्यात वाकून स्वतःचा चेहरा बघायला लावला नाही. खुराडंच सोडायला लावलं. कुणाचं अंडं कुठलं याची चौकशी त्या मैदानावर झाली नाही.

तेव्हा काकांच्या प्रश्नाला अँडरसनकडं उत्तर नाही. त्याचं पिल्लू उडून बागेतल्या तळ्यात गेलं. मागं खुराडं तसंच. तीच कोंबडी टोचतेय, तीच पोरगी लाथ घालतेय. पुढचं करडं पिल्लू जर खरंच बदकाचं निघालं, तर त्यानं काय करायचं? मार खात मरायचं, कारण त्याचा मार हा चुकून बसलेला मार नाही, त्याच्या जन्माला शोभणारा मार आहे. कथा तसं म्हणत नाही. पण पोराच्या हाडात ते उतरतं.

आता आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, मग जाळून टाका ना परीकथा! पोरांना विज्ञान द्या, बाबासाहेबांचं चरित्र द्या. राजे आणि पऱ्या हव्यात कशाला? मीही बरीच वर्षं असंच बोलत होतो. पण मित्रांनो, कथा जाळता येत नाही. पोरगं ती आजीकडून ऐकतं, टीव्हीवर बघतं, शेजारच्या पोराच्या दप्तरात बघतं. आणि दुसरं, उसनं घेणं हे पापच असेल तर जोतीबांनाही दोषी धरावं लागेल. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी काय केलं? भटांचे दशावतार उचलले, मत्स्य, कच्छ, वराह, वामन, आणि सगळे उलटे पालटे करून ठेवले. वामनानं पाताळात घातलेला बळी तिथं आपला राजा झाला. सांगाडा तोच, न्याय उलटा. तेव्हा उसनं घ्यावं का, याचा निकाल जोतीबांनीच लावून ठेवलाय. उसनं घेताना काय उचलायचं आणि काय टाकायचं, खरी अडचण तिथं आहे. माणूस काय टाकतो त्यावरून तो कुठं उभा आहे ते कळतं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा त्याच अँडरसनकडं आहे. नागड्या राजाची गोष्ट, १८३७. सगळ्यांना माहीत आहे. दोन ठक येतात, म्हणतात, आम्ही असं कापड विणतो की जो आपल्या हुद्द्याला नालायक आहे किंवा अगदीच मूर्ख आहे त्याला ते दिसत नाही. राजा, प्रधान, सगळे घाबरून वाहवा करतात. मिरवणूक निघते. एक पोरगं ओरडतं, याच्या अंगावर काहीच नाही!

पण ही कथा अँडरसनची नव्हे. त्याच्या पाचशे वर्षं आधी, १३३५ साली, स्पेनमध्ये दोन हुआन मानुएल नावाच्या राजघराण्यातल्या सरदारानं 'काँदे लुकानोर' या पुस्तकात ती लिहिली होती. अँडरसननं ती जर्मन भाषांतरातून वाचली. त्या जुन्या कथेत कापडाची कसोटी काय आहे, ऐका. जो माणूस ज्याला आपला बाप समजतो त्याच बापाचा नसेल, त्याला हे कापड दिसणार नाही. जन्माची कसोटी! बिजाची शुद्धता! आणि राजाला हे कापड हवंच कशाला? कथेत साफ लिहिलंय. तो मुसलमान राज्यातला राजा, आणि तिथं बापाचा खरा मुलगा नसेल त्याला वारसा मिळत नाही. तेव्हा कोण खरा, कोण खोटा हे कळलं की राजाला स्वतःची मालमत्ता वाढवता येईल. बघा, सहाशे नव्वद वर्षांपूर्वीचा एक सरदार किती सरळ सांगून जातो. जन्माची शुद्धता तपासणाऱ्याचं एक बोट नेहमी जमिनीच्या उताऱ्यावर असतं. आपल्याकडं हे सांगायला ग्रंथ लिहावे लागले.

मग राजा नागडा घोड्यावर बसून निघतो. सगळे गप्प. कारण बोललं तर आपल्या आईवर आणि आपल्या जमिनीवर येणार. तिथं बोलतो कोण? लहान पोर नाही. एक काळा माणूस. राजाचा घोडा सांभाळणारा मोतद्दार. गमावण्यासारखं त्याच्याजवळ काही नाही. तो राजाजवळ येतो आणि सांगतो की मला कुणाचाही मुलगा समजा, माझं काही बिघडत नाही, पण एक तर मी आंधळा आहे किंवा तुम्ही नागडे आहात. राजा त्याला लागलीच शिव्या घालतो. तू तुझ्या बापाचा नाहीस, म्हणून तुला कापड दिसत नाही! पण ते ऐकून दुसरा बोलतो, मग तिसरा, मग सगळ्यांची भीती मोडते. ठकांना शोधायला जातात तर ते माल घेऊन कधीच पसार झालेले.

हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सांगा, अँडरसननं काय केलं? जन्म काढला, तिथं हुद्दा घातला. वारसा काढला. आणि मोतद्दार काढून तिथं एक गोंडस पोर ठेवलं. तेही अगदी शेवटी, मजकूर जुळून मुद्रितं हातात आल्यावर. त्याला मी गुन्हेगार म्हणत नाही. कोपनहेगनमध्ये त्याला हुद्देवाले टोचत होते, त्यानं हुद्देवाल्यांना झोडलं. जन्म तिथं त्याला तेवढा टोचत नसावा, किंवा इतका टोचत असावा की त्याच्याविषयी बोलणं नको. पण परिणाम बघा. पोराचं सत्य हे निरागस सत्य. त्यानं काही बिघडत नाही. सगळे हसतात, कौतुक करतात, अग्रलेखात दाखला देतात. मोतद्दाराचं सत्य निरागस नाही. कापड कसं विणतात, कोण विकतं आणि कुणाचं काय जाणार हे त्याला नीट माहीत आहे. त्यानं जन्माच्या बाजारातून आपलं नाव काढून घेतलंय, म्हणून त्याला दिसतं.

प्रत्येक चित्रांच्या पुस्तकात ते पोर आहे. गोरं, गुबगुबीत, बापाच्या खांद्यावर. मोतद्दार कुठं गेला?

आता अलीकडच्या पुस्तकांकडं येऊ. इंग्रजी शाळांत जाणाऱ्या पोरांकडं एक पुस्तक दिसतं, कागदी पिशवीतली राजकन्या. रॉबर्ट मन्शचं, १९८० सालचं, चित्रं मायकेल मार्चेन्कोची. राक्षसी अजगर राजवाडा जाळतो, राजकन्येचे कपडे जाळतो, राजपुत्राला पळवतो. ती कागदी पिशवी अंगात घालून जाते, अजगराला बढाया मारायला लावून दमवते आणि राजपुत्राला सोडवते. तो म्हणतो, काय हा अवतार, नीट राजकन्येसारखी होऊन ये! ती त्याला हाकलते, लग्न करत नाही. झकास. आमच्या पोरींना फार आवडली. पण राजवाडा जळला तेव्हा आत भांडी घासणाऱ्या बायका होत्या की नव्हत्या? राख कुणी काढली? एवढं विचारून पुढं जातो.

जास्त बोलायचंय ते जॉन स्टेप्टोबद्दल. हा ब्रुकलिनचा काळा चित्रकार, जन्म १९५०. १९७२ साली आपल्याकडं पँथर उभी राहिली तेव्हापासून काळ्यांच्या कवितेशी आपण नातं सांगतो. त्यांच्या पोरांच्या पुस्तकांकडं मात्र आपल्यातल्या कुणी फारसं पाहिलं नाही. स्टेप्टोनं १९८७ साली 'मुफारोच्या सुंदर मुली' केलं. थील नावाच्या गोऱ्यानं एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या दक्षिण भागात गोळा केलेल्या कथेवरून. चित्रं पाहताना हात थरथरतात. ग्रेट झिम्बाब्वेचे दगडी अवशेष त्यानं पुन्हा उभे केलेत. ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सरकारला हे शहर काळ्यांनी बांधलं हे मान्य करायचं नव्हतं, त्यासाठी इतिहास लिहिणाऱ्यांवर दाब आणला गेला. त्या शहरात स्टेप्टो काळ्या मुली चालवतो, आणि त्या सुंदर आहेत. वाचणाऱ्या काळ्या पोरीला पहिल्यांदा कळतं, परीकथेतला चेहरा माझ्यासारखा असू शकतो. हे थोडं नाही. चित्रांच्या पुस्तकात चेहरा हा अर्धा न्याय असतो.

पण कथा? दोन बहिणी. न्याशा मायाळू, मन्यारा घमेंडखोर. राजा राणी शोधतोय. वाटेत भुकेलं पोर, म्हातारी भेटते, न्याशा मदत करते, मन्यारा करत नाही. न्याशा राणी होते. आणि मन्याराला शिक्षा काय? ती राणीच्या घरात नोकर होते.

मित्रांनो, माझ्या आईनं बावीस वर्षं लोकांच्या घरी भांडी घासली. कुठल्या घमेंडीची शिक्षा म्हणून? विहारात बसलेल्या निम्म्या पोरांच्या आया कपबशा धुऊन आलेल्या असतात. त्यांना मी वाचून दाखवू की वाईट वागलेली मुलगी शेवटी मोलकरीण झाली? कष्टाचं काम ही पूर्वजन्मीच्या नाही तर याच जन्मीच्या पापाची शिक्षा. हे आपल्याला कुणीतरी आधी सांगितलेलं आहे ना? स्टेप्टोला ते सांगायचं नव्हतं, याची मला खात्री आहे. त्याच्या लोकांनी गोऱ्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या नोकरी केली होती. पण त्यानं चेहरा बदलला, शहर बदललं, आणि सिंहासन व मोरी जुन्या जागी राहिली. १९८९ साली तो अडतिसाव्या वर्षी गेला.

आणि तरी, ते पुस्तक मी पोरांना दाखवलं. शेवटचं पान आलं तेव्हा थांबलो आणि मला काय टोचतं ते सांगितलं. एक पोरगी म्हणाली, "पण मला राणीच व्हायचंय." तिला काय सांगणार होतो? पत्र्याखाली झोपणाऱ्या पोरीनं महालाचं स्वप्न बघू नये असं सांगायचा मला काय अधिकार? सिंहासनावर बसायची हौस ही पहिली भूक असते, तिला तत्त्वज्ञान पाजता येत नाही. इथं मी आजही अडकतो. मला फक्त एवढं कळतं की राणी झालेल्या पोरीच्या घरी भांडी कोण घासतं हे त्याच चित्रात काढायला हवं. कोपऱ्यात का होईना.

व्हर्जिनिया हॅमिल्टनची एक कथा मला त्यामानानं जवळची वाटते. ती पण काळी लेखिका, तिचे आजोबा गुलामीतून निसटलेले. उडणाऱ्या माणसांची ही जुनी गुलामांची कथा तिनं १९८५ च्या संग्रहात पुन्हा सांगितली आणि २००४ साली, तिच्या मृत्यूनंतर, ती वेगळं चित्रपुस्तक म्हणून निघाली, लिओ आणि डायान डिलनच्या चित्रांसह. मळ्यात चाबूक चालतो. एक म्हातारा जुने शब्द पुटपुटतो आणि ज्यांना उडता येतं ते शेतातून वर उठून निघून जातात. ज्यांना येत नाही ते खालून हाका मारतात, आम्हालाही न्या! शिकवायला वेळ नसतो. ते राहतात, पळायची संधी येईपर्यंत. आणि ही कथा सांगितली कुणी? खाली राहिलेल्यांनी. आपल्या पोरांना. म्हणजे इथं बदकांनी हंसाची गोष्ट सांगितली आहे, आणि स्वतःला त्यातून वगळलेलं नाही.

आपल्याकडं 'भीमायन' निघालं २०११ साली, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांचं. ती परीकथा नव्हे, बाबासाहेबांच्या आठवणी आहेत. पण उसनं घेणं कसं असावं ते तिथं बघा. चौकटी नाहीत. गोड बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात, जातीचं विष ओकणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीसकट. ही नांगी शास्त्रीपंडितांकडून आलेली नाही. पोराला अक्षर वाचता आलं नाही तरी कुणाच्या तोंडात विष आहे ते दिसतं.

तर आम्ही काय केलं ते सांगून थांबतो. दिवाळीच्या सुट्टीत मी नागड्या राजाची गोष्ट पोरांना जुन्या रीतीनं सांगितली. जन्माची कसोटी, राजाची जमिनीवरची नजर आणि मोतद्दार, सगळ्यासकट. मग विचारलं, दुसऱ्या दिवशी मोतद्दाराचं काय झालं? स्पेनच्या पुस्तकात ते नाही. सत्य सांगितल्यावर दुसरा दिवस उजाडतोच. खैरलांजीत मारहाणीविरुद्ध साक्ष देणाऱ्या मायलेकींच्या घरावर तो २९ सप्टेंबर २००६ ला उजाडला आणि भोतमांग्यांच्या घरातली चार माणसं गेली. पोरांना हे सांगितलं नाही. मोठ्यांना सांगतोय. गमावण्यासारखं काही नाही, असं मोतद्दाराबद्दल लिहिणारा सरदार होता. मोतद्दाराला विचारलं असतं तर त्यानं कदाचित यादी दिली असती.

पोरांकडून तीन शेवट आले. एकात राजानं मोतद्दाराला प्रधान केला. हा पोरांनीच हाणून पाडला. दुसऱ्यात तो घोडा घेऊन पळाला. तिसऱ्यात शिपाई तबेल्यात आले तेव्हा त्याच्यानंतर बोललेला दुसरा, तिसरा, चौथा असे सगळे तिथं आधीच येऊन बसले होते. यावर अजून भांडण चालू आहे. घोडेवाले हटायला तयार नाहीत.

चित्रं काढायची आहेत. कुणाचा हात चांगला असेल तर रविवारी या. काकांनाही त्यांचा शेवट विचारायचा होता, पण त्यांची पाळी बदललीय आणि रविवारी सकाळी ते कामावर असतात.

जयभीम.